कारखान्यातून फळ्याकडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, ह्याबद्दल मी मंडळाची मनापासून आभारी आहे. मंडळात मी आजवर हळदीकुंकवाला, भोंडल्याला आणि वाळवणाच्या दिवसांत हात लावायला येत आले. तेथे बोलण्यापेक्षा ऐकण्याची गोडी अधिक. आज आपण मला उलट बाजूला बसवले आहे, तेव्हा काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय कार्यवाहबाईंनीच सुचविला. त्या म्हणाल्या, “बाई, कारखान्यातली चांगली अधिकाराची जागा सोडून तुम्ही कॉलेजात शिकवायला गेलात. गावात अजूनही बायका विचारतात, हिला झाले तरी काय? तेच एकदा सर्वांना सांगून टाका.” प्रश्न रास्त आहे. माझ्या सासूबाईंनीही तो विचारला होता, आणि पगाराचा आकडा ऐकून त्यांनी पुढे काही विचारले नाही! परंतु केवळ स्वतःची कथा सांगण्यात आपला वेळ घेणे मला बरे वाटत नाही. ह्या वाटेने माझ्या आधी फार मोठी माणसे गेलेली आहेत. त्यांच्यामुळे जे कळले त्याचा आपल्या मंडळापुढे सध्या असलेल्या एका प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. तो प्रश्न कोणता, हे आपण ओळखले असेलच. त्याकडे मी शेवटी येते.

मी जो विषय शिकवते त्याला व्यवसायाची व्यूहनीती म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. इंग्रजीतला ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतल्या सेनापतीवाचक शब्दापासून आला. लढाई कशी लढायची हे शिपायाने पाहावे; कोणती लढाई लढायची आणि कोणती टाळायची, हे सेनापतीने पाहावे. ह्याचे उदाहरण शोधायला आपल्याला नगरच्या बाहेर जावे लागत नाही. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद मोगल फौज घेऊन आपल्या किल्ल्याला वेढा घालून बसला, तेव्हा चांदबिबीने किल्ला लढविला. तिच्या शौर्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण १५९६ मध्ये तिने तह केला आणि वऱ्हाड मोगलांना देऊन नगर राखले, ही गोष्ट आपण तेवढ्या आवडीने सांगत नाही. वास्तविक व्यूहनीती दिसते ती तेथे. सर्वच राखता येत नाही हे ओळखून, काय सोडायचे आणि काय कोणत्याही किमतीला सोडायचे नाही, हे तिने ठरविले.

घरातही आपण हेच करतो. मुलीचे पुढचे शिक्षण, विहिरीचे काम आणि घराचा वरचा मजला ही तिन्ही कामे एका वर्षात होत नाहीत. त्यांतले एक धरावे लागते आणि दोन मागे ठेवावी लागतात. जी बाई हे नीट ठरविते तिचा संसार कमी पैशांतही उभा राहतो. पैसा असून ज्या घरात हे कोणीच ठरवीत नाही, तेथे दर महिन्याला ओढाताणच असते. कारखान्याचे, सोसायटीचे आणि गृहोद्योगाचेही असेच आहे.

आता कोणी म्हणेल, हे जर अनुभवाने कळते तर कॉलेजात शिकवायचे कशाला? आणि उलट बाजूने कोणी म्हणेल, ज्याने कधी किराणा दुकानही चालविले नाही त्याने व्यवसायावर व्याख्याने द्यावीत, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच पुस्तक आणि कारखाना ह्यांच्यामध्ये ये-जा करणारी माणसे मला मोलाची वाटतात.

असे एक थोर गृहस्थ आपल्या जिल्ह्याला लाभले होते. मात्र ते माझ्या उलट दिशेने गेले. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा ह्या कालव्यांमुळे आपल्या भागातील शेतीला काय लाभ झाला, ह्याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले, पिके कोणती बदलली, पैसा कोणाच्या हाती राहिला, अशा गोष्टी त्यांनी मोजून पाहिल्या. त्याच सुमारास लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना कारखान्याचे भागभांडवल उभे करायला सांगत होते. उसाच्या मळ्यात राबणाऱ्याचाच साखरेचा कारखाना असावा, ही कल्पना त्या काळी पुष्कळांना वेडेपणाची वाटत होती. गाडगीळांनी त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले, विखे पाटील उपाध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातला शेतकऱ्यांचा हा पहिला सहकारी साखर कारखाना.

भगिनींनो, ह्यात मला विशेष वाटते ते असे की, गाडगीळांनी प्राध्यापकपण सोडले नाही. गोखले संस्थेचे संचालक ते १९६६ पर्यंत होते. कारखान्याच्या सभेत त्यांच्यासमोर ऊस उत्पादक बसत होते आणि संस्थेत विद्यार्थी. पुस्तकाने कारखान्याला शिस्त द्यावी, आणि कारखान्याने पुस्तकाला खरेखोटे विचारावे, असा तो व्यवहार होता. विखे पाटलांचे शिक्षण बेताचे, पण माणसे जोडण्याचे ज्ञान असे की ते कोणत्याही कॉलेजात मिळू नये. एकाच्या ज्ञानाला दुसऱ्याच्या ज्ञानाची जोड मिळाली, म्हणून ते काम उभे राहिले.

शिकविणे सोडून धंद्यात पडलेले दुसरे गृहस्थ आपल्याला ठाऊक आहेत ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. म्हणजे फळ्याकडून कारखान्याकडे जाणारा रस्ता आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. कारखान्याकडून फळ्याकडे येणारा रस्ता मात्र त्या मानाने नवा.

ह्या रस्त्याने आलेल्यांपैकी इगॉर अँसॉफ ह्यांचे नाव आधी घ्यावे लागेल. जन्म १९१८ मध्ये रशियातील व्लादिवोस्तोकचा, पुढे कुटुंब अमेरिकेत गेले. शिक्षणाने हे गणिती. विमाने बनविणाऱ्या लॉकहीड कंपनीत ते मोठ्या पदावर होते. १९६३ मध्ये ती जागा सोडून ते कार्नेगी येथे प्राध्यापक झाले आणि १९६५ मध्ये त्यांनी व्यवसायाच्या व्यूहनीतीवर ग्रंथ लिहिला. कारखान्यात असतानाच, १९५७ मध्ये, त्यांनी चार खान्यांची एक पाटी मांडली होती. ती इतकी सोपी आहे की मी ती पहिल्याच तासाला फळ्यावर काढते. जुना माल जुन्या गिऱ्हाइकाला अधिक विकायचा, हा पहिला खाना. जुना माल नव्या गिऱ्हाइकाकडे न्यायचा, हा दुसरा. नवा माल जुन्या गिऱ्हाइकाला द्यायचा, हा तिसरा. नवा माल आणि नवे गिऱ्हाईकही, हा चौथा. आणि ह्या खान्यात पाऊल टाकताना सर्वांत जपून असावे, कारण तेथे आपल्याला ना मालाची खात्री ना माणसाची ओळख. धंदा वाढवायचा म्हणजे ह्या चारांपैकी कोठे वाढवायचा, एवढा प्रश्न आधी विचारला तरी पुष्कळ नुकसान टळते.

आपल्या देशातले उदाहरण म्हणजे रवी मथाई. कलकत्त्याच्या एका व्यापारी कंपनीत ते अधिकारी होते. तेथून १९६३ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाले, आणि १९६५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक. ती संस्था आज देशात नामांकित आहे. तिची घडी बसविण्याचे मोठे श्रेय त्यांना देतात. परंतु १९७२ मध्ये, मानसन्मान भरात असताना, त्यांनी संचालकपद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. अधिकाराची खुर्ची ही काही काळापुरती जबाबदारी आहे, ती जन्मभराची पायरी नव्हे, हे त्यांनी वागून दाखविले. पुढे १९७५ मध्ये ते राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात जवाजा नावाच्या दुष्काळी भागात गेले. तेथील चर्मकार आणि विणकर ह्यांच्याबरोबर बसून, ह्या माणसांनी आपला माल स्वतः घडवावा, स्वतः विकावा, हिशेब स्वतः ठेवावा, असा प्रयोग त्यांनी आरंभिला. मोठ्या कंपनीतून कॉलेजात आणि कॉलेजातून विणकराच्या मागापर्यंत, असा त्यांचा प्रवास झाला. १९८४ मध्ये ते वारले.

त्याच अहमदाबादच्या संस्थेच्या आरंभाच्या काळात एका स्त्रीने केलेले काम मला आपल्यासमोर आवर्जून सांगावयाचे आहे. कमला चौधरी ह्यांना तरुणपणीच वैधव्य आले. त्यांनी मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि अहमदाबादच्या कापड संशोधन संस्थेत गिरणीतील माणसांच्या परस्पर वागणुकीचा अभ्यास केला. गिरणीत माग कसा चालतो हे सांगणारे पुष्कळ होते. मागावरचा माणूस का रुसतो, मुकादमाचे आणि त्याचे का पटत नाही, हे पाहणारे थोडे. पुढे व्यवस्थापन संस्था निघाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यापकांत त्या होत्या, आणि आरंभीचे शिक्षणक्रम उभे करण्याचा भार त्यांनी वाहिला. त्या दिवसांत ह्या क्षेत्रात बाईने जाणे म्हणजे काय असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

आणखी दोघांचा उल्लेख करते. कोईमतूरचे सी. के. प्रल्हाद हे पदवीनंतर विजेऱ्या बनविणाऱ्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात चार वर्षे होते. मग अहमदाबादच्या संस्थेच्या पहिल्या तुकडीत शिकले, पुन्हा कारखान्यात काम केले, हार्वर्डला जाऊन १९७५ मध्ये डॉक्टर झाले, आणि पुढे अमेरिकेत मिशिगन येथे प्राध्यापक. १९९० मध्ये गॅरी हॅमेल ह्यांच्यासमवेत लिहिलेल्या लेखात त्यांनी कंपनीला झाडाची उपमा दिली. पाने, फुले, फळे म्हणजे बाजारात दिसणारा माल. आणि मुळे म्हणजे त्या कंपनीच्या अंगी मुरलेले असे कसब, की जे दुसऱ्याला सहजी उचलून नेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याची केवळ पाने पाहाल तर त्याची ताकद तुम्हाला कळणार नाही, असे ते सांगत. २००४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दुसरा मुद्दा मांडला. गरीब माणूस हा दया करण्याचा विषय नसून तोही चोखंदळ गिऱ्हाईक आणि उद्योग करणारा माणूस आहे, असे धरून चाला, असा तो मुद्दा. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे कलकत्त्याचे सुमंत्र घोषाल. इंडियन ऑइल ह्या तेल कंपनीत कित्येक वर्षे नोकरी केल्यावर, १९८१ मध्ये, तिशी ओलांडल्यानंतर ते अमेरिकेला शिकायला गेले, आणि एकाच काळात दोन नामांकित संस्थांतून दोन डॉक्टरेट मिळविल्या. पुढे फ्रान्समध्ये आणि लंडनला शिकविले. हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे ते पहिले अधिष्ठाता. उन्हाळ्यात कलकत्त्याला आईवडिलांकडे गेले की अंथरुणातून उठवत नाही, आणि फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या वनात वसंतात पाऊल टाकले की आपोआप पळावेसे, उडी मारावीशी वाटते, असे ते सांगत. माणूस तोच, हवा निराळी. मग आळशी कोण, माणूस की हवा? कारखान्याच्या साहेबाने माणसे बदलण्याचे सोडून आधी आपल्याकडची हवा तपासावी, हा त्याचा मथितार्थ. आपल्या मंडळातही पाहा ना. जी सून घरात तोंडातून शब्द काढीत नाही, तीच येथे नाटकात काम करते आणि हिशेब चोख ठेवते!

घोषाल २००४ मध्ये अकाली गेले. त्यांचा एक लेख मृत्यूनंतर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आम्हा शिक्षकांचेच कान धरले आहेत. माणूस मुळातच स्वार्थी, त्याच्यावर पहारा ठेवलाच पाहिजे, असे आम्ही वर्गात शास्त्र म्हणून शिकवितो. ते शिकून गेलेला मुलगा कारखान्यात तसाच वागतो, आणि मग माणसेही खरोखर तशीच होतात. दगडाविषयी चुकीचा सिद्धांत मांडला तरी दगड बदलत नाही. माणसाविषयी चुकीचा सिद्धांत शिकविला तर माणूस बिघडतो. कारखान्यात अनेक वर्षे घालविलेल्या माणसाने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

आता माझ्यासारखीला ह्या वाटेवर काय भोगावे लागते आणि काय मिळते, ते थोडक्यात सांगते. पहिली गोष्ट, पगार निम्म्याने कमी झाला. दुसरी गोष्ट, हुकूम गेला. कारखान्यात मी “हे उद्या संध्याकाळपर्यंत हवे” म्हटले की ते होत असे. वर्गात असे म्हटले तर मुले हसतात. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे उत्तर देण्याची सवय मोडावी लागली. आमच्या विषयात एखाद्या खऱ्या उद्योगाची हकीगत विद्यार्थ्यांना आधी वाचायला देतात. कारखाना अमुक वळणावर आला आहे, इतका पैसा आहे, इतकी माणसे आहेत, आता मालकाने काय करावे? शिक्षकाने उत्तर सांगायचे नसते, विचारीत जायचे असते. हे का? मग त्याचे काय? माणसे कोठून आणाल? तास संपतो तेव्हा फळ्यावर दोन-तीन वाटा असतात आणि प्रत्येकीची किंमत लिहिलेली असते. पहिले काही महिने माझ्या जिभेवर सारखे येई, “मुलांनो, आमच्या कारखान्यात आम्ही असे केले.” पण आपला एक अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. एका शेतात पीक आले म्हणून ते वाण सर्व जिल्ह्यात येईलच असे नाही.

संशोधन लागते ते येथे. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरे डगले असे आपल्या मनात असते. आमचे संशोधन पायाने करायचे असते. एकच प्रश्न घेऊन तीस-चाळीस उद्योगांकडे जायचे, तेच तेच विचारायचे, वह्या पाहायच्या, कोण तगले आणि कोण बुडाले ह्यांची तुलना करायची, आणि आपल्याला आवडणारे उत्तर निघाले नाही तरी ते लिहायचे.

माझा प्रश्न मला कारखान्यातच मिळाला. मी खरेदी विभागात होते. औद्योगिक वसाहतीतील पुष्कळ लहान वर्कशॉपांकडून आम्ही सुटे भाग करून घेत असू. त्यांतले एक वर्कशॉप एका जोडप्याचे होते. काम उत्तम, तारीख कधी चुकायची नाही. आमचा कारखाना देई तेवढे काम ते घेत, आणि ते काम वाढत गेले तशी बाकीची गिऱ्हाइके त्यांनी एकेक करून सोडली. मग एका वर्षी वरून निर्णय आला, यंत्राची रचना बदलली, तो भागच नको झाला. कोणी त्यांच्याशी दावा साधला नव्हता, कोणी पैसे बुडविले नव्हते. तरी सहा महिन्यांत त्या वर्कशॉपला कुलूप लागले. त्या बाई मला भेटायला आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “मॅडम, आमचे काम वाईट होते का हो?” काम वाईट नव्हते. मग का बुडाले? ह्याचे उत्तर मला खरेदी विभागात बसून देता येईना. तो माझा विभागच नव्हता, असे कोणीही म्हणेल. मला तो प्रश्न सोडीना, म्हणून मी कॉलेजात गेले आणि त्यावरच अभ्यास करीत आहे. चांगले काम करणे आणि टिकून राहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, एवढे मला आज निश्चित सांगता येते.

आता आपल्या मंडळाच्या प्रश्नाकडे येते. आपल्या गृहोद्योग विभागाला बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने मोठी मागणी देऊ केली आहे. वर्षभर जेवढे पापड आणि मसाले होतील तेवढे सर्व तो घेणार, पाकिटावर नाव त्याचे राहणार, दर आपल्या किरकोळ दरापेक्षा कमी पण पैसा हमखास, आणि पापडाचे यंत्र घेण्यासाठी तो आगाऊ रक्कमही देणार. पुढील सर्वसाधारण सभेत त्यावर मत घ्यावयाचे आहे. पुष्कळ भगिनींना वाटते, लक्ष्मी घरी चालून आली आहे. काहींना भीती वाटते. दोघींचेही मला पटते. म्हणून मी तीन प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न असा की, आपल्या एकूण कामापैकी किती वाटा एकाच गिऱ्हाइकाच्या हाती जाणार? सर्व माल त्याला दिला, तर कापडबाजारातली आपली दुकाने, दिवाळीला पुण्या-मुंबईहून येणारी मागणी, शेजारपाजारची घरे, ही सर्व वर्षभरात दुसरीकडे वळतील. पुढच्या वर्षी त्याने नको म्हटले, तर त्यांच्याकडे परत कोणत्या तोंडाने जायचे? त्या जोडप्याची हकीगत मी एवढ्यासाठीच सांगितली.

दुसरा प्रश्न, आपले मूळ कोणते? प्रल्हादांच्या झाडाची आठवण ठेवा. उडीद कोणीही विकत आणील आणि यंत्रही कोणीही घेईल. आपले मूळ म्हणजे डांगर कोणत्या हातचे, पापडखार किती, लाटी केवढी, ह्या सर्व गोष्टी इतक्या वर्षांत ह्या हातांत बसल्या आहेत ते. आणि दुसरे म्हणजे आपल्या पाकिटावरच्या नावावर लोकांचा असलेला भरवसा. नाव त्याचे झाले की भरवसाही त्याच्या खात्यावर जमा होणार.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र आल्यावर ज्या भगिनी घरी डांगर नेऊन पापड लाटतात त्यांचे काय? त्यांच्यापैकी काहींच्या घरात तोच महिन्याचा आधार आहे. यंत्राला माझा विरोध नाही. मी यंत्रांच्याच कारखान्यातून आले. पण मंडळ कोणासाठी काढले, हे विसरून मिळविलेला नफा आपल्या उपयोगाचा नाही.

ह्या बाबतीत लिज्जत पापडाचा इतिहास आपण सर्वांनी वाचावा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोटा आला तरी देणगीसाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, असे त्यांनी ठरविले. संस्था वाढत गेली, परंतु लाटण्याचे काम बायकांच्या हातांतच ठेवले, लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार राहिली, आणि नाव स्वतःचे राखले. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे उदाहरण शिकविले जाते. मी ते शिकविते तेव्हा विद्यार्थ्यांना विचारते, ह्या बायकांनी काय काय केले नाही त्याची यादी करा. ती यादी केल्याखेरीज त्यांची व्यूहनीती कळत नाही.

माझे मत विचाराल, तर व्यापाऱ्याला सरळ नकार देऊ नये आणि सरळ होकारही देऊ नये. आपल्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापुरती त्याची मागणी घ्यावी. पाकिटावर त्याच्या नावाखाली आपले नाव छापण्याची अट घालावी. मसाल्याचे प्रमाण कागदावर देऊ नये. आगाऊ रक्कम घेऊन त्याचे बांधील होण्यापेक्षा, यंत्र घ्यायचेच तर मसाला दळण्याचे घ्यावे, कारण तेथे कोणाच्या हातचे काम जात नाही आणि खांदे मात्र वाचतात. तो ह्या अटींना तयार झाला तर उत्तम. न झाला, तर त्याला आपला माल हवा होता की आपले हात बांधून हवे होते, हे आपल्याला कळेल. हे माझे मत झाले. निर्णय सभेचा. सभेत मला कोणी खोडून काढले तर मला आनंदच होईल, कारण माझ्या वर्गात तेच चालते.

एक विनंतीही आहे. मंडळाच्या गृहोद्योगाच्या पहिल्या वर्षापासूनच्या वह्या कपाटात आहेत. उडदाचा भाव, कोणत्या महिन्यात किती खप, कोणत्या वर्षी तोटा आणि तो कसा भरून काढला, हे सर्व त्यांत आपल्या आधीच्या भगिनींनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे. मोठमोठ्या कंपन्यांवर ग्रंथ निघतात. अशा वह्यांवर कोणी लिहीत नाही. सभेने परवानगी दिली, तर त्या वह्यांवरून आपल्या उद्योगाची हकीगत मराठीत लिहून माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींनी अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांबरोबर आपल्या पापडाचाही अभ्यास करावा.

जाताजाता, ज्यांच्या घरात कोणी कारखान्यात, बँकेत किंवा सोसायटीत अधिकाराच्या जागी काम केले आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये असा मार्ग खुला केला की, एखाद्या व्यवसायात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञ व्यक्तीला डॉक्टरेट नसतानाही ठरावीक मुदतीसाठी प्राध्यापक म्हणून नेमता येते. अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असतात. म्हणजे दार उघडे आहे, पण ते रुंद नाही. तरी ज्या भगिनींनी नोकरीत केस पांढरे केले आहेत, त्यांनी ते ज्ञान निवृत्तीबरोबर कुलूपबंद करू नये. पगार कमी मिळेल. पण वीस वर्षांच्या मुलीने हात वर करून “बाई, हे मला पटत नाही” असे म्हणावे आणि तिचे बरोबर असावे, ह्यातले सुख कारखान्यात मला मिळाले नव्हते.

 सभेच्या दिवशी सर्वांनी, विशेषतः घरी पापड लाटणाऱ्या भगिनींनी, अवश्य यावे आणि बोलावे.